खाटेपासून उंबरठ्यापर्यंत

दुखणे हत्तीच्या पायाने येते आणि मुंगीच्या पायाने जाते, अशी म्हण आहे. वृद्धांच्या बाबतीत तिचा उत्तरार्ध विशेष खरा ठरतो. ज्वर उतरतो, श्वास सुधारतो, दप्तरात ‘बरा झाला’ अशी नोंद होते. पण खाटेवरून उठून उंबरठा ओलांडण्याचे बळ अंगी उरलेले असतेच असे नाही.

मध्यप्रदेशात कोरोनाचे पहिले रुग्ण २० मार्च २०२० रोजी जबलपुरात आढळले. त्या शहराच्या दक्षिणेस, नागपूरच्या वाटेवर, बरगी आहे. नर्मदेवरील बरगी धरणाच्या जलाशयात १९९० च्या सुमारास अनेक गावे बुडाली. तेव्हा डोक्यावर संसार घेऊन नवे घर मांडणारी पिढी या महामारीत साठी-सत्तरीला पोचली होती. मोठ्या दुखण्यात अशा माणसाचा आधार म्हणजे जबलपूरचे रुग्णालय.

आपल्या रुग्णालयांत वृद्धाला उठवून बसविणे, हात धरून चार पावले चालविणे, ही कामे बहुधा मुलगा किंवा सूनच करते. त्याला कोणी उपचार म्हणत नाही. पण तो उपचारच असतो. संसर्गाच्या भयाने नातलग दाराबाहेर राहिले, तेव्हा औषध व प्राणवायू यांबरोबर हा बिननावाचा उपचारही आत पोचावयास हवा होता. कामाने दबलेल्या परिचारिकेला त्यासाठी उसंत कुठली?

निजून राहणे म्हणजे विश्रांती, ही समजूत वार्धक्यात घातक ठरते. निरोगी वृद्धांना दहा दिवस अंथरुणात ठेवले, तरी पायांच्या स्नायूंची लक्षणीय झीज होते, असे प्रयोगांत दिसले आहे. इंग्लंडमध्ये १९३५ नंतर डॉ. मार्जरी वॉरेन यांनी असाध्य म्हणून खाटेला खिळविलेल्या वृद्धांना तपासून चालते केले. त्यांतील कित्येक घरी परतले.

भारत सरकारच्या आरोग्य मंत्रालयाने सप्टेंबर २०२० मध्ये कोरोनोत्तर काळजीची मार्गदर्शिका काढली. तीत श्वसनाचे व्यायाम आणि झेपेल इतके चालणे सांगितले होते. क्रम साधा आहे: प्रथम टेकून बसणे, मग पाय खाली सोडणे, मग आधाराने उभे राहणे, मग अंगणापर्यंत जाणे. जोडीला डाळ, दूध, अंडी यांचा आहार. धाप वाढली, छातीत दुखले वा घेरी आली, तर मात्र तत्काळ थांबून डॉक्टरांना विचारावे.

हे शिकविण्यास महागडे यंत्र लागत नाही. शिकविणारा माणूस लागतो. घरी पाठविताना घरच्यांना अर्धा तास समजावून सांगितले आणि पुढे गावच्या आरोग्यसेविकेने विचारपूस केली, तरी पुष्कळ साधेल. किती खाटा रिकाम्या झाल्या, हा हिशेब रुग्णालये ठेवतातच. त्या खाटेवरचा माणूस पुढे आपल्या पायांनी कुठवर गेला, हा हिशेबही कोणीतरी ठेवला पाहिजे.