रत्नपारखी मीनो फाविनी

फुटबॉलच्या मैदानावर बारा वर्षांची मुलें खेळत असलीं, म्हणजे पाहणाऱ्याची दृष्टि प्रथम जाते ती सर्वांत उंच आणि दणकट मुलाकडे. त्याच्याच शेजारीं एखादा किरकोळ अंगाचा मुलगा चेंडू पायाशीं अलगद थांबवितो, मान वर करून सोबती कोठें आहे तें पाहतो आणि मगच चेंडू पुढें देतो. त्याच्याकडे फारसें कोणी लक्ष देत नाहीं. इटलींतील मीनो फाविनी ह्यांची नजर मात्र ह्या दुसऱ्या मुलाला शोधीत असे. अंग वाढेल, बळ येईल. परंतु चेंडूशीं जडलेली मैत्री लहानपणींच दिसते, अशी त्यांची धारणा होती.

फाविनींचा जन्म १९३६ सालीं लोंबार्दी प्रांतांतील मेदा ह्या गांवीं झाला. तरुणपणीं ते कोमो, ब्रेशा, अतालांता ह्या संघांतून खेळले. पण कीर्ति लाभली ती खेळ सोडल्यानंतर. कोमो हा सरोवराकांठचा लहानसा क्लब. महागडे खेळाडू विकत घेण्याचें सामर्थ्य त्या काळीं नव्हतें, तेव्हां ते घरींच घडविणें भाग होतें. तेथें फाविनींच्या हाताखालून मार्को सिमोने, स्तेफानो बोर्गोनोवो ह्यांच्यासारखे खेळाडू निघाले.

पुढें बेर्गामोच्या अतालांता क्लबाचे अध्यक्ष आंतोनियो पेर्कास्सी ह्यांनीं त्यांना बोलावून घेतलें. तेथील कुमारविभाग २०१५ पर्यंत त्यांच्याकडे होता. १९९३ सालीं चेझारे प्रांदेल्ली ह्यांनीं शिकविलेल्या कुमारसंघानें राष्ट्रीय अजिंक्यपद मिळविलें. ताक्किनार्दी, मोर्फेओ, पात्सीनी, मोंतोलिवो, बोनाव्हेंतूरा, एकामागून एक नांवें त्या अंगणांतून बाहेर पडलीं.

परंतु ह्या धंद्याला एक कठोर बाजू आहे. आलेल्या मुलांपैकीं बहुतेकांच्या नशिबीं धंदेवाईक खेळ नसतो, आणि तें कोणीतरी त्यांना सांगावेंच लागतें. म्हणून शाळा आणि वागणूक ह्यांकडे दुर्लक्ष करून चालत नाहीं. चेंडू सुटला तरी माणूस उरला पाहिजे. कोवळ्या वयांत आईबाप गमावलेला पिएरमारियो मोरोझीनी हा ह्याच अंगणांत वाढला. १४ एप्रिल २०१२ रोजीं पेस्कारा येथें खेळतां खेळतां तो मैदानावर कोसळला आणि पंचविसाव्या वर्षीं त्याचा अंत झाला. मुलें घडविणाऱ्याच्या वांट्याला कौतुकाबरोबर असा शोकही येतो.

फाविनी निवृत्त झाल्यावर २०१६-१७ च्या हंगामांत अतालांतानें इटलींत चौथें स्थान पटकाविलें. त्या संघांतील काल्दारा, कोंती, गाल्यार्दिनी हे घरच्याच कुमारसंघांतून आलेले होते. २३ एप्रिल २०१९ रोजीं फाविनी वारले. पुढच्याच महिन्यांत त्यांचा क्लब युरोपांतील सर्वश्रेष्ठ स्पर्धेस इतिहासांत प्रथमच पात्र ठरला. तें यश पाहण्यास ते नव्हते. मात्र त्याचा पाया ज्या अंगणांत घातला गेला, तेथें त्यांनीं सुमारें पाव शतक किरकोळ अंगाच्या मुलांची वाट पाहिली होती.