गॉगल, ओला रस्ता आणि परक्या ताऱ्याची धूळ

आजचा भाग छोटा आहे, आणि सुरुवातीलाच एक चूक कबूल करायची आहे. मागे थ्री-आय ॲटलासबद्दल बोलताना मी घाईत म्हणून गेलो, की त्याची धूळ कशाची आहे ते ध्रुवित प्रकाशावरून कळलंय. तसं कळलेलं नाही. मग काय कळलंय? ते नीट सांगतो.

पावसात ओल्या रस्त्यावरची चकाकी पोलराइज्ड गॉगल लावला की कमी होते. आता डोकं खांद्याकडे झुकवा, चकाकी परत दिसायला लागते. कारण रस्त्यावरून येणाऱ्या प्रकाशाच्या लहरी जास्त करून आडव्या डोलत असतात. यालाच म्हणायचं ध्रुवीकरण.

धूमकेतूची धूळही सूर्यप्रकाशाला असाच कल देते. दुर्बिणीवर गॉगलसारखाच फिल्टर फिरवायचा आणि मोजायचं, कल कुठल्या दिशेला आणि किती टक्के. हे आकडे सूर्य, धूमकेतू आणि पृथ्वी यांच्यातल्या कोनावर ठरतात. कोन मोठा असेल तर कल त्या तिघांच्या प्रतलाला काटकोनात, म्हणजे 'धन'. कोन साधारण २० ते २२ अंशांच्या खाली गेला की दिशा पलटते, 'ऋण' होते. आपल्या सूर्यमालेतल्या धूमकेतूंमध्ये हे ऋण ध्रुवीकरण जेमतेम दीड टक्क्यापर्यंत जातं.

२०१९ मध्ये बोरिसोव्ह आला, दुसऱ्या ताऱ्याकडून आलेला पहिला धूमकेतू. चिलीतल्या व्हीएलटी दुर्बिणीतून पाहिलं, तर त्याचं ध्रुवीकरण नेहमीच्या धूमकेतूंपेक्षा जास्त निघालं, १९९७ च्या हेल-बॉपसारखं. म्हणून संशोधक म्हणाले, हा कदाचित कधीच कुठल्या ताऱ्याच्या फार जवळ गेला नसावा.

मग १ जुलै २०२५ ला ॲटलास सापडला. याचं उलटंच! ७ अंशांना उणे २.७ टक्के, आणि १७ अंशांनाच दिशा पलटली. असा धूमकेतू किंवा लघुग्रह आधी नोंदलेला नव्हता. लहान कोनांवरची वागणूक मात्र नेपच्यूनपलीकडच्या काही छोट्या पिंडांशी जुळते.

इथेच माझी चूक झाली. एकच आकडा कणांच्या आकारामुळे येऊ शकतो, पोकळपणामुळे, बर्फामुळे किंवा या सगळ्यांच्या मिश्रणामुळे. माझ्या कामातलं उदाहरण देतो: लॉगमध्ये एरर दिसली म्हणजे बग सापडला असं नसतं. धूळ वेगळी वागते, हे पक्कं. ती का वेगळी वागते, त्यासाठी वर्णपट आणि प्रयोगशाळेतले नमुने सोबत लागतात. आणि "विचित्र आहे, म्हणजे परग्रहवासीयांचं यान" ही तर त्याहून लांबची उडी.

यात एक हुरहूर आहे. ॲटलास परत येणार नाही. लहान कोनांची ती पहिली संधी सापडल्यानंतरच्या काही आठवड्यांत होती. चिली, ला पाल्मा आणि बल्गेरियातल्या दुर्बिणी तेव्हा वेळेवर वळल्या, म्हणून हे आकडे आपल्या हातात आहेत.

चूक दुरुस्त झाली. तुम्हालाही माझी एखादी सापडली तर बिनधास्त सांगा. भेटू पुढच्या भागात!