कासवाच्या वाट्याचे ऊन

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या कार्यक्रमात केलेले भाषण)



चिटणीसबाईंनी जेव्हा मला आज चार शब्द बोलायला सांगितले, तेव्हा मी म्हटले, "बाई, माझे शिक्षण सातवीपर्यंत. फार तर सांडगे-पापडांवर बोलेन." त्या म्हणाल्या, "पापडांवर दरवर्षी कुणीतरी बोलतेच. तुम्ही तुमच्या कासवावर बोला."

तुम्ही हसलात. हसा, पण ऐका. कासव घरात असले की लक्ष्मी टिकते, असे हल्ली कुणीकुणी सांगते आणि गेल्या वर्षभरात आपल्याच गल्लीतल्या तिघीजणींनी मला विचारले, "कासव कुठे मिळते हो?" ते कुठे मिळते यापेक्षा ते आणल्यावर काय करावे लागते, हे सांगणे मला जास्त गरजेचे वाटते. कारण ते ठाऊक नसल्यामुळे माझ्या हातून एक मुका जीव जाता जाता राहिला.

2017 सालच्या दिवाळीत आमच्या थोरल्याने पुण्याहून एक कासव आणले. पाठ जेमतेम 4 सेंटिमीटरची, रंग पोपटी आणि डोळ्यांमागे कुंकवाची रेघ ओढावी तसा लाल पट्टा. दुकानदाराने सोबत काचेचे एक भांडे दिले. त्यात प्लॅस्टिकचे माडाचे झाड होते. "याला काही लागत नाही. चार दाणे टाकले की झाले," असे त्याने सांगितले होते. मुलगा सुट्टी संपवून परत गेला आणि कासव माझ्या पदरात पडले.

मी ते भांडे बैठकीच्या खोलीत कपाटावर ठेवले. आल्यागेल्याला दिसावे, हा हेतू. रोज पाणी बदलायची, भाताची शिते टाकायची. आपण उत्तम सांभाळतो आहोत, असेच मला वाटत होते. आठ महिन्यांनी एकदा पाणी बदलताना त्याला हातात घेतले, तर अंगठ्याखाली पाठ दबली. ओल्या पापडासारखी! कडा वर वळल्या होत्या आणि मागचे पाय ओढत ते चालत होते. माझ्या पोटात धस्स झाले.

शेजारच्या काकू म्हणाल्या, "नळदुर्गला बोरी नदीत सोडून द्या, पुण्य लागेल." पुण्य मिळो न मिळो, मुलाला काय सांगू, या विचाराने मी ह्यांना बरोबर घेऊन सोलापूरला जनावरांच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी कासव उलटसुलट करून पाहिले आणि एकच प्रश्न विचारला, "बाई, याला ऊन कधी दाखवले?"

मी म्हटले, "खिडकीतून उजेड येतो की!"

तेव्हा त्यांनी जे समजावून सांगितले, ते तुम्हालाही सांगते. कासवाची पाठ म्हणजे त्याचे हाडच. हाड घट्ट व्हायला कॅल्शियम, म्हणजे चुन्याचा अंश लागतो. तो अंगी लागण्यासाठी ड जीवनसत्त्व हवे आणि ते उन्हातल्या अतिनील किरणांनी कातडीत तयार होते. आपल्या मुलांना मुडदूस होतो, त्यातलाच हा प्रकार. खिडकीच्या काचेतून उजेड येतो, ऊबही येते, पण कामाचे ते किरण काच अडवते. म्हणजे मी आठ महिने त्या जीवाला लख्ख उजेडात उपाशी ठेवले होते. भात तर त्याचे अन्नच नव्हे.

नदीत सोडण्याचे विचारताच डॉक्टरांनी हात जोडले. हे लाल कानाचे कासव मूळचे अमेरिकेतल्या मिसिसिपी नदीच्या खोऱ्यातले. आपल्याकडे सोडले तर ते आपल्या देशी कासवांच्या तोंडचा घास आणि बसायची जागा हिरावते. केरळात त्रिशूर जिल्ह्यातल्या ओढ्यात ते सापडल्यावर तिथल्या तज्ज्ञांना काळजी पडली. उलट, आपल्या तळ्यातले किंवा ओढ्यातले देशी कासव घरी आणणे हा 1972 सालच्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. त्याला तुरुंगवासही होऊ शकतो. तेव्हा देशी आणू नये, आणि परदेशी आणले तर जन्मभर सांभाळावे. जन्मभर म्हणजे वीस-तीस वर्षे. मादीची पाठ 25 ते 30 सेंटिमीटरपर्यंत वाढते. आपल्या भाकरीच्या तव्याएवढी म्हणा ना!

आता त्याला घर कसे करून दिले, ते सांगते. हिशेब असा की, पाठीच्या दर सेंटिमीटरमागे साधारण 15 लिटर पाणी हवे. आमचे कासव आता 20 सेंटिमीटरचे आहे, म्हणजे 300 लिटर झाले. एवढी काचेची पेटी आमच्या ऐपतीत बसणारी नव्हती. वरून तडकलेली 1000 लिटरची प्लॅस्टिकची टाकी ह्यांनी स्वस्तात मिळवली आणि आडवी कापून खालचा भाग ठेवला. त्यात 40 सेंटिमीटर पाणी भरले की 300 लिटर होते. वर वीतभर भिंत उरते, म्हणून कासव चढून बाहेर पडत नाही.

पाण्यात विटा रचून त्यांवर शहाबादी फरशी तिरपी बसवली. तिचे एक टोक पाण्यात आणि दुसरे कोरडे. खडबडीत बाजू वर ठेवली, म्हणजे पाय घसरत नाहीत. कासवाला संपूर्ण कोरडे होऊन शेकता आले पाहिजे, नाहीतर पाठीवर बुरशी धरते. विटा हलत नाहीत ना, हे हाताने दाबून पाहावे. कासव पाण्यात राहत असले तरी श्वास हवेतच घेते. फरशीखाली अडकले तर तेही बुडून मरते.

टाकी अंगणात अशी ठेवली की सकाळचे ऊन फरशीवर पडावे. निम्म्या भागावर शेतातले हिरवे शेडनेट बांधले आहे. ऊन आणि सावली दोन्ही हवीत. कुठे बसायचे ते कासवाला बरोबर कळते. वर तारेची जाळी आहे, कारण मांजर आणि कावळा दोघेही टपलेले असतात. जाळीऐवजी काच किंवा प्लॅस्टिक टाकू नका, किरण पुन्हा अडतील. आणि काचेचे लहान भांडे उन्हात तर कधीच ठेवू नका. आपल्याकडच्या वैशाखात ते पाणी पाहता पाहता तापते आणि कासव जिवंत शिजते. उन्हाळ्यात दुपारी मी सगळी टाकी झाकते.

पावसाळ्यात आठ-आठ दिवस ऊन पडत नाही, थंडीत पाणी गार पडते. तेव्हा दिवे लागतात. ते दोन प्रकारचे. एक उबेचा. जुन्या पद्धतीचा 60 वॅटचा तारेचा बल्ब फरशीवर हातभर उंच टांगला की फरशी 32 अंशांपर्यंत गरम होते. पाणी 25 अंशांच्या आसपास असावे. मी दहा-वीस रुपयांचा अंदाज न करता सरळ तापमापक आणला, कारण आपला हात फसतो. दुसरा दिवा यू.व्ही.बी. नळीचा. उन्हातले ते किरण हीच नळी देते. घरातला एल.ई.डी. दिवा किंवा माशांच्या पेटीतला निळा दिवा कितीही लख्ख दिसला तरी या कामाचा नाही. ही नळी फरशीच्या वर, खोक्यावर लिहिलेल्या अंतरावर लावावी. मध्ये काच नको. दिवसाचे दहा-बारा तास दिवे आणि रात्री पुरता अंधार. सहा महिने ते वर्षभरात नळीतले किरण कमी होतात, उजेड मात्र तसाच दिसतो. म्हणून मी बसवल्याची तारीख भिंतीवर खडूने लिहून ठेवते.

एक धोका आवर्जून सांगते. आमच्या ओळखीचा वायरमन म्हणाला, "काकू, पाणी शुद्ध करायच्या यंत्रातली नळी बसवून देतो, तीही अतिनीलच असते." नशीब, मी आधी डॉक्टरांना फोन केला. ती नळी जंतू मारायची. उघडी लावली तर कासवाचे आणि आपले डोळे भाजून निघतात. नाव एक असले तरी गुण वेगळा. दिवे साखळीने घट्ट बांधा, अर्थिंग करून घ्या आणि पाण्यात हात घालण्यापूर्वी बटण बंद करा.

आता एका प्रश्नाकडे वळते. आमच्या जाऊबाईंनी मला चारचौघींत विचारले, "माणसांना टँकरची वाट पाहावी लागते आणि तू कासवाला 300 लिटर पाणी देतेस?" त्या रात्री मला झोप लागली नाही, कारण प्रश्न खरा होता. लातूरला 2016 साली रेल्वेने पाणी आणावे लागले, ते आपण विसरलेलो नाही. मी हिशेब मांडला. लहानसे गाळणयंत्र बसवल्यामुळे सगळे पाणी बदलावे लागत नाही. आठवड्याला एक तृतीयांश, म्हणजे सहा-सात घागरी. ते बदललेले पाणी मी नारळाला आणि जास्वंदीला घालते. पूर्वी त्यांना मी चांगले पाणी घालत होते, ते आता वाचते. कोथिंबिरीच्या वाफ्याला मात्र ते घालत नाही. कासवाच्या अंगावर रोगजंतू असू शकतात. अमेरिकेत लहान मुले आजारी पडू लागली म्हणून 1975 साली 4 इंचांहून लहान कासवे विकायलाच बंदी घातली. म्हणून हात साबणाने धुवा आणि टाकीतली भांडी स्वयंपाकघरात आणू नका. हा हिशेब ऐकून जाऊबाई म्हणाल्या, "तरी पण दुसरे आणू नकोस." मी कबूल केले. त्यांचे म्हणणे योग्यच आहे.

खाण्याचे थोडक्यात सांगते. कासवासाठी मिळणाऱ्या गोळ्या आणि थोडा हिरवा पाला द्यावा. आयुर्वेदिक औषधांच्या दुकानात मिळणारा समुद्रफेसाचा तुकडा पाण्यात टाकून ठेवावा. त्यातून चुना मिळतो. भात-पोळी नको.

ऊन मिळू लागल्यावर चार-पाच महिन्यांत पाठ कडक झाली, पाय नीट पडू लागले. पण वळलेल्या कडा काही सरळ झाल्या नाहीत. त्या आता कधीच होणार नाहीत. सकाळी ते फरशीवर चारी पाय ताणून, मान उंच करून बसते, तेव्हा पाहणाऱ्यांना मौज वाटते. मला त्या कडा दिसतात. मी प्रेमाने सांभाळले होते, यात खोटे नाही. पण नुसत्या प्रेमाने हाड घट्ट होत नाही, हे मला उशिरा कळले.

भगिनींनो, महादेवाच्या देवळात शिरताना आपण दगडी कासवाला हात लावून नमस्कार करतो. ज्यांना लक्ष्मीसाठी कासव हवे असेल, त्यांनी पितळेचे आणून देवघरात ठेवावे. ते ऊन मागत नाही. ज्यांना जिवंतच हवे असेल, त्यांनी आधी अंगणात उभे राहून पाहावे की ऊन कुठे पडते, टाकी कुठे मावेल आणि वीस वर्षे घागरी कोण ओतेल. आणि ज्यांच्या घरी ते आधीच कपाटावर काचेच्या भांड्यात असेल, त्यांनी मनाला लावून घेऊ नये. उद्या सकाळी माझ्याकडे यावे. टाकी दाखवीन, मापे लिहून देईन आणि माझी जुनी काचेची भांडीही दाखवीन. त्यात आता मी समया पुसायची चिंच भिजत घालते.



— मंडळाची एक सभासद, जळकोट