उपग्रहाची नजर आणि आपली माळराने



श्रावकाने वर्ज्य करावयाच्या पंधरा कर्मादानांत वनकर्म, दवदान म्हणजे रानास आग लावणे, आणि सरोवरशोषण म्हणजे तळी आटविणे यांचा समावेश आहे. भूमीचे रूप पालटले की तेथील जीवांचा आश्रय जातो, हे शास्त्रकारांनी जाणले होते. तो पालट आज आकाशातून मोजता येतो. अमेरिकेचा लँडसॅट 1972 पासून, तर आपला आयआरएस-1ए मार्च 1988 पासून पृथ्वीच्या प्रतिमा टिपू लागला. हिरवी पाने डोळ्यांना न दिसणारे अवरक्त किरण भरपूर परावर्तित करतात. त्यावरून पीक, झाडी, पाणी व उघडी जमीन वेगवेगळी ओळखता येते. लँडसॅटचा संग्रह 2008 पासून विनामूल्य आहे. जालन्याची जुनी व नवी प्रतिमा शेजारी ठेवली, तर शहराचा विस्तार आणि 2022 साली खुला झालेला समृद्धी महामार्ग लहान मुलासही दाखविता येईल.

परंतु दिवाळीला दुकानातला साठा मोजणाऱ्या आम्हा कापड व्यापाऱ्यांना ठाऊक असते की, चुकीच्या खात्यात मांडलेला तागा मोजूनही हरवतो. माळरानाचे तेच झाले. चैत्र-वैशाखात वाळलेले गवत प्रतिमेत उजाड दिसते आणि शासकीय नकाशांत झुडपी जमिनीची नोंद ‘पडीक भूमी’त होते. मधुसूदन व अबी वनक या अभ्यासकांनी उपग्रह-प्रतिमांवरूनच दाखविले की, अशी निमशुष्क मोकळी निसर्गक्षेत्रे देशाच्या सुमारे 10 टक्के भूभागावर आहेत, आणि त्यांतील बहुतांश ‘पडीक’ गणली गेली आहेत.

म्हणून गोशाळेमागील माळावर सलग वृक्षारोपण करण्याच्या प्रस्तावाविषयी थोडे बोलतो. हेतू पुण्याचाच आहे. लँडसॅटच्या प्रतिमेतील एक ठिपका 30 मीटर चौरस; झाडी वाढली की तो हिरवा दिसेल, आणि अहवालात आपली वाहवा होईल. पण त्या ठिपक्यात गवताच्या बुडाशी असलेले चंडोलाचे घरटे दिसत नाही. चंडोल, धाविक, खोकड यांना मोकळे गवतच हवे. चातुर्मासात साधू-साध्वी विहार थांबवितात ते अशाच सूक्ष्म-स्थूल जीवांसाठी. लागवडीचा मुहूर्त मात्र आपण नेमका तेव्हाच काढतो!

विश्वस्तांनी पुढील सभेपूर्वी या जमिनीच्या उन्हाळ्यातील व पावसाळ्यानंतरच्या, जुन्या-नव्या प्रतिमा काढून पाहाव्यात, आणि पक्ष्यांचा जाणकार सोबत घेऊन माळ पायी फिरावा. झाडे बांधावर व विहिरीकाठी अवश्य लावू. मधले गवत राहू द्यावे. आपल्या गाईंनाही तेच लागते.