बियाण्याची पिशवी आणि सदसद्विवेकबुद्धी
(वाटूर येथे महोत्सवप्रसंगी केलेले भाषण)



महोत्सवाच्या या मंगल समयी उपकारस्तुती करणे योग्यच आहे. परंतु परमेश्वराचे उपकार जो मानतो, त्याने आपल्या देण्याघेण्याचा हिशेबही त्याच्यापुढे मांडिला पाहिजे. यास्तव आम्ही सातव्या आज्ञेविषयी, म्हणजे व्यापारातील न्यायाविषयी, चार शब्द बोलण्याचे योजिले आहे. दाखला आपल्या काळ्या रानातलाच घेऊ.

आपले जालना हे बियाण्यांचे गाव. १९६४ साली बद्रीनारायण बारवाले यांनी तेथे महिको कंपनी स्थापिली आणि १९९८ साली त्यांस जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. हा व्यापार मानाचा व लोकोपयोगी आहे, यात शंका नाही. तथापि कापड चाचपून घेता येते, बैलाचे दात पाहता येतात. बियाण्याच्या पोटातील जीव मात्र डोळ्यांस दिसत नाही. पिशवीवरील चिठ्ठीवर भरवसा ठेवूनच शेतकरी ती घेतो, आणि ती फोल असल्याचे कळते तेव्हा पेरणीचा पाऊस पडून गेलेला असतो. गेलेला हंगाम कोणत्याही दुकानी विकत मिळत नाही.

२०२० च्या जूनमध्ये मराठवाड्यात अनेकांचे सोयाबीन उगवले नाही आणि दुबार पेरणीची पाळी आली. मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने स्वतः होऊन त्याची दखल घेतली. दोष कोणाचा? २०१९ च्या ऑक्टोबरात काढणीचे पीक पावसात भिजले होते. या दाण्याचे साल पातळ. मळणीत तो सहज दुखावतो, आणि ओल कमी असता वा खोल पेरिला असता उगवत नाही. कारणे अनेक होती खरी. परंतु कारणे अनेक, म्हणून जबाबदारी कोणाचीच नाही, असे म्हणणे ही आत्मवंचना होय. दुकानदाराने कंपनीकडे आणि कंपनीने पावसाकडे बोट दाखवावे, तर कर्ज शेतकऱ्याच्याच नावे राहते.

तेराव्या शतकातील महापंडित संत थोमस आक्विनस यांनी या विषयाचा सूक्ष्म विचार केला आहे. ज्या गुप्त दोषाने घेणाऱ्याचे नुकसान होईल, तो सांगण्यास विक्रेता बांधलेला आहे. ज्यास दोष ठाऊकच नव्हता तो पापी नव्हे. परंतु कळून आल्यावर नुकसान भरून देणे त्याचे कर्तव्य आहे.

दुकानदार विचारील, "मोहोरबंद पिशवीच्या आतले आम्हांस काय ठाऊक?" प्रश्न रास्त आहे. परंतु अज्ञान दोन प्रकारचे असते: एक प्रयत्न करूनही दूर न होणारे, दुसरे सोयीचे म्हणून जपलेले. तक्रारी कानी आल्यावरही तोच माल विकणे, पक्की पावती न देणे, मुदत संपलेली पिशवी उधारीच्या गिऱ्हाइकाच्या गळ्यात मारणे, कारण त्या बिचाऱ्यास नाही म्हणण्याची सोय नसते. हे दुसऱ्या प्रकारात मोडते. असे अज्ञान दोष झाकीत नाही, वाढविते.

कायद्यानेही काही मर्यादा घातल्या आहेत. १९६६ चा बियाणे कायदा आहे. सोयाबीनच्या प्रमाणित बियाण्याची उगवण निदान ७० टक्के असावी असा दंडक आहे. आणि बियाणे घेणारा शेतकरीही ग्राहक आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली दिला. परंतु कायदा किमान तेवढेच मागतो, आणि खटला चालेपर्यंत दुसरा मृग येतो. सदसद्विवेकबुद्धीचा निवाडा त्याच दिवशी होतो.

हा उपदेश केवळ दुकानदारांकरिता नाही. आपणांपैकी जे घरचे सोयाबीन शेजाऱ्यास बियाणे म्हणून देतात, तेही विक्रेतेच होत. शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवावे व मोड मोजावे. सत्तराहून कमी निघाले तर तसे स्पष्ट सांगावे. यास पैसा लागत नाही, थोडा वेळ व पुष्कळ प्रामाणिकपणा लागतो.

महोत्सवास आपण जुबिली म्हणतो. लेवीय ग्रंथातील ज्या अध्यायात जुबिली वर्षाचा विधी आहे, त्यातच जमिनीच्या देण्याघेण्यात बंधूस न फसविण्याची आज्ञा आहे, आणि पुढे किती पिके हाती येणार ते मोजून जमिनीचे मोल ठरवावे असे सांगितले आहे. तेव्हा ज्याच्याकडे कोणाचे देणे राहिले असेल, त्याने येत्या खरिपापूर्वी ते चुकते करावे. मंदिरातील दीपमाळांपेक्षा परमेश्वरास ती भेट अधिक प्रिय होईल.