औषधाचे वाहन

दिल्ली विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागात प्राध्यापक अमरनाथ मैत्र यांनी जे कार्य केले, ते समजावयाचे तर आधी खानदेशात जावे लागेल. मनसुख वाणी हे मूळचे नंदुरबारचे. मुंबई विद्यापीठात रसायनशास्त्र शिकून ते अमेरिकेस गेले. तेथे मनरो वॉल यांच्यासह त्यांनी यू नामक वृक्षाच्या सालीतून पॅक्लिटॅक्सेल हे द्रव्य वेगळे केले व १९७१ साली त्याची रचना प्रसिद्ध केली. आपल्या हिमालयातील थुनेर हा याच वृक्षाचा भाऊबंद. पेशी दुभंगताना ज्या सूक्ष्म तंतूंचा आधार घेते, ते तंतूच हे द्रव्य जखडून टाकते. स्तनाच्या व अंडाशयाच्या कर्करोगावर ते आजही दिले जाते.

पण ते पाण्यात विरघळत नाही, आणि रक्त तर बहुतांशी पाणीच! म्हणून एरंडेलापासून बनविलेल्या एका द्रावकात मद्यार्क मिसळून ते शिरेतून देऊ लागले. हे द्रावकच कित्येकांना बाधे. श्वास कोंडे, रक्तदाब एकाएकी उतरे. तेव्हा आधी स्टेरॉइड द्यावयाचे, मग औषध. रोगावर औषध आणि औषधाच्या वाहनावर उतारा, असा हा विचित्र संसार.

मैत्र यांनी वाहनच बदलले. साबणाचे रेणू तेलकट मळाला वेढून पाण्यात तरंगवितात, हे आपण रोज पाहतो. तसेच एक अंग पाण्याला बिलगणारे व दुसरे पाण्यापासून पळणारे, अशा बहुवारिकाच्या पोटात त्यांनी औषध बसविले. हे अब्जांश कण मिलिमीटरच्या सुमारे दहा हजाराव्या भागाएवढे असतात. २००७ साली डाबर फार्मा कंपनीने हे औषध ‘नॅनोक्सेल’ या नावाने बाजारात आणले. त्यात एरंडेलाचे ते द्रावक नाही.

कर्करोगाच्या गाठीतील रक्तवाहिन्या घाईने वाढलेल्या, म्हणून सच्छिद्र असतात. त्यांतून असे कण पाझरून आत रेंगाळू शकतात. निदानातही अशा कणांचा उपयोग झाला आहे. लोहाच्या ऑक्साइडचे कण यकृतातील निरोगी भाग गिळतो, चुंबकीय चित्रात तो काळवंडतो आणि गाठ उजळ उरते.

हे कण नेमके गाठीवरच बाणासारखे जातात, असे जे म्हटले जाते, ती मात्र अतिशयोक्ती होय. त्यांतील पुष्कळसे यकृत व प्लीहा अडवून ठेवतात. शिवाय वाहन बदलले तरी आतले औषध तेच. केस गळतात, बोटे बधिर होतात, रक्तातील पांढऱ्या पेशी घटतात. म्हणून पुढील मात्रेपूर्वीची रक्ततपासणी काही चुकत नाही.