प्रशिक्षकालाही कुणीतरी पाहायला हवं



हॉकी प्रशिक्षकांच्या परिषदेचं अध्यक्षपद बहुधा ऑलिंपियनकडे जातं, आणि ते योग्यच आहे. या वेळी तुम्ही मुरमाच्या मैदानावर मुलांना स्टिक धरायला शिकवणाऱ्या एका क्रीडाशिक्षिकेला बोलावलंत. हा मान मी माझ्या एकटीचा समजत नाही. चौदा, सतरा आणि एकोणीस वर्षांखालच्या गटांत वर्षानुवर्षं राबणाऱ्या, सामन्याच्या बातमीत कधीही नाव न येणाऱ्या सगळ्यांच्या वतीने मी तो घेते.

बोलायचं आहे ते एकाच मुद्द्यावर. मुलांचा खेळ सुधारावा म्हणून आपण तळमळतो, पण त्यांना शिकवणाऱ्याचं शिकवणं कसं सुधारतं, याचा विचार आपल्याकडे फारसा होत नाही. खेळाडू म्हणून कारकीर्द संपली, पतियाळ्याच्या क्रीडा संस्थेतला अभ्यासक्रम झाला किंवा हॉकी इंडियाची एखादी लेव्हल पार केली, हातात शिट्टी आली, की माणूस प्रशिक्षक झाला असं आपण धरून चालतो. त्यानंतर तो मैदानावर एकटा. संघ जिंकला की हार, हरला की पालकांचे फोन. त्याने शिकवलं कसं, हे बघायला कुणीही येत नाही.

कुणी आलं, तर त्याला काय दिसेल? आपला नेहमीचा सराव डोळ्यांसमोर आणा. चोवीस मुलं, दोन रांगा, पुढे कोन मांडलेले. एकेक मुलगा चेंडू घेऊन कोनांमधून वळत जातो, गोलवर पुश करतो आणि रांगेच्या शेवटी जाऊन उभा राहतो. एका पाळीला दहा सेकंद धरा. रांगेत बारा मुलं, म्हणजे प्रत्येकाचा नंबर दोन मिनिटांनी लागणार. दहा मिनिटांच्या ड्रिलमध्ये एका मुलाच्या वाट्याला चेंडू येतो पन्नास सेकंद. बाकीची नऊ मिनिटं तो उभा असतो. आणि त्या पन्नास सेकंदांतही त्याला काही ठरवावं लागत नाही, कारण कोन जागचा हलत नाही. तो टॅकल करत नाही, पासची वाट अडवत नाही, हुलकावणीला फसत नाही. मग सामन्यात समोर जिवंत बॅक आला की हाच मुलगा मान खाली घालून त्याच्या अंगावर जातो, आणि आपण रेषेबाहेरून ओरडतो, ‘अरे, वर बघ!’ वर बघायची गरज पडेल असा सराव त्याला आपण कधी दिला?

त्याच चोवीस मुलांचे चार-चारचे सहा संघ करा, अर्ध्या मैदानाचे तीन तुकडे करा आणि लहान लहान गोल लावून खेळू द्या. दहा मिनिटांत एकेक मूल कितीतरी वेळा चेंडूला भिडतं, आणि दर वेळी त्याला काहीतरी निवडावं लागतं. हॉकीच्या स्टिकची एकच बाजू सपाट असते. त्यामुळे बॅकची डावी बाजू कच्ची असते, तिथे त्याला स्टिक उलटी करून चेंडू गाठावा लागतो. हे आपण फळ्यावर शंभरदा काढून दाखवतो. चार-चारच्या खेळात ते मुलाला आपोआप सापडतं, आणि स्वतः शोधलेलं तो विसरत नाही. खडकीच्या दारूगोळा कारखान्याच्या वसाहतीत धनराज पिल्ले मोडक्या स्टिका जोडून खेळायला शिकले. त्या खेळात रांगा नव्हत्या, कोन नव्हते. होती ती चेंडू हिसकावून घेणारी मोठी मुलं. तिथे जे फुकट मिळत होतं, ते आता सरावात मुद्दाम घडवून आणावं लागतं, कारण रिकामं मैदान आणि मोकळी संध्याकाळ दोन्ही मुलांच्या हातून गेली आहेत.

तांत्रिक घोटाई नकोच, असं मी म्हणत नाही. डावा हात वर घट्ट, उजवा खाली सैल, मनगट फिरतं ते डावं, ही पकड घोटूनच बसते. ट्रॅपिंगही तसंच. पण घोटलेलं लगेच, त्याच तासात, खेळात वापरायला मिळालं नाही, तर ते हातात राहतं, डोळ्यांत उतरत नाही.

नेदरलँड्ससारख्या देशात सहा-सात वर्षांच्या मुलांना मोठ्या मैदानावर अकराच्या संघात उतरवतच नाहीत. लहान मैदान, मोजके खेळाडू, आणि वय वाढेल तसतसा खेळाचा आकार वाढत जातो. आपल्याकडे मात्र बारा वर्षांचा पोरगा पहिल्याच स्पर्धेत एक्क्याण्णव मीटरच्या मैदानावर राइट आउट म्हणून उभा राहतो, आणि पूर्ण सामन्यात चेंडू त्याच्याकडे चार-पाच वेळा येतो.

खेळही बदलला आहे. आपल्यातले पन्नाशीकडे झुकलेले बहुतेक जण ऑफसाइडच्या नियमात वाढले. तो नियम १९९० च्या दशकात गेला. २००९ पासून फ्री हिट स्वतःच स्वतःला देऊन पुढे पळता येतं. मोठ्या स्पर्धांत सामना पंधरा-पंधरा मिनिटांच्या चार भागांत होतो, खेळाडू कितीही वेळा आतबाहेर करता येतात. या सगळ्यामुळे विचार करायला मिळणारा वेळ आटला. आपण खेळलो ती हॉकी मनात धरून शिकवलं, तर मुलं आपल्या काळासाठी तयार होतील. १९७५ साली क्वालालंपूरला विश्वचषक जिंकलेला भारत पुढच्याच वर्षी मॉन्ट्रियलला, ऑलिंपिकमध्ये पहिल्यांदाच आलेल्या कृत्रिम टर्फवर, सातवा आला. ‘टर्फने घात केला’ असं आपण म्हणतो. मला त्यात शिकवण्याचाही प्रश्न दिसतो: मैदान बदललं, त्या वेगाने आपलं शिकवणं बदललं नाही.

तालुक्याच्या ठिकाणचे मित्र विचारतील, टर्फ आहे कुठे? खरं आहे. बालेवाडीला किंवा पिंपरीच्या नेहरूनगरला स्पर्धेसाठी उतरेपर्यंत कित्येक मुलांनी टर्फवर पाऊलही ठेवलेलं नसतं, आणि पहिला वेगवान पास त्यांच्या स्टिकखालून निघून जातो. टर्फची मागणी आपण करत राहू. तोवर शाळेचा बास्केटबॉल कोर्ट किंवा एखादी गुळगुळीत फरशी पासिंग-ट्रॅपिंगसाठी वापरा. चेंडू कसा सरळ आणि वेगात येतो, निदान एवढं तरी हाताला कळतं.

आता निवडीबद्दल, कारण इथे आपल्या हातून मुलांची आयुष्यं वळतात. वयोगट १ जानेवारीवर ठरला, तर जानेवारीत जन्मलेला आणि डिसेंबरात जन्मलेला मुलगा एकाच गटात येतात. मध्ये जवळजवळ वर्षाचं अंतर. तेराव्या वर्षी ते अंतर फार मोठं असतं. शिवाय कुणाची उंची बाराव्या वर्षी झपाट्याने वाढते, कुणाची पंधराव्या. मुलींची साधारण दोनेक वर्षं आधी. या वाढीच्या काळात कालपर्यंत सफाईने पळणारं मूल अचानक अडखळायला लागतं. पाय लांबलेले असतात, तोल बदललेला असतो. गुडघ्याच्या वाटीखाली दुखणंही याच वयात सुरू होतं. नेमक्या याच वेळी आपण त्याला ‘ढिला पडला’ म्हणून संघातून काढतो, आणि ज्याला लवकर दाढीमिशा फुटल्या त्याच्याकडून रोज तासभर ड्रॅग फ्लिक मारून घेतो, त्याच्या कोवळ्या कमरेचा विचार न करता. जन्मदाखल्यात फेरफार करून मोठ्या मुलाला खालच्या गटात खेळवणारा प्रशिक्षक तर एका खऱ्या बारा वर्षांच्या मुलाची जागा चोरतो. या बाबतीत कुणाची गय होऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

विसाव्या वर्षीसुद्धा भविष्य सांगता येत नाही, तिथे तेराव्याची काय कथा? २०१६ मध्ये लखनौला हरेंद्र सिंग यांच्या मार्गदर्शनाखाली भारताने बेल्जियमला २-१ असं हरवून ज्युनियर विश्वचषक जिंकला. त्या संघातले हरमनप्रीत सिंग, मनदीप सिंग, नीलकांत शर्मा, सुमित, सिमरनजीत सिंग पुढे टोकियो ऑलिंपिकमध्ये ब्राँझ मिळवणाऱ्या संघात होते. ज्युनियर संघाचा कर्णधार हरजीत सिंग मात्र त्यात नव्हता. आणि भारताचा गोलरक्षक श्रीजेश? केरळच्या क्रीडा शाळेत तो आला तेव्हा गोळाफेक, धावणं, लांब उडी, व्हॉलीबॉल असं सगळं करत होता; गोलरक्षण त्याला तिथल्या प्रशिक्षकाने सुचवलं. पॅरिस ऑलिंपिकच्या ब्राँझनंतर निवृत्त होऊन त्याने ज्युनियर मुलांचा संघ हाती घेतला, ही आपल्या कामाला मिळालेली मोठी पावती आहे. आपल्याकडे गोलरक्षक कसा ठरतो, ते सगळ्यांना ठाऊक आहे: ज्याला पळता येत नाही तो. मोठ्यांचे पॅड त्याला बांधायचे, एका गोलपाशी उभं करायचं, आणि बाकीच्यांनी त्याच्यावर हिट मारायच्या. त्याला शिकवतं कोण?

मुलींविषयी बोलायलाच हवं. सातारा जिल्ह्यातल्या गावांतून अक्षता ढेकळे, वैष्णवी फाळके, ऋतुजा पिसाळ भारतीय संघापर्यंत गेल्या. शेतकरी घरातली मुलगी पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत राहायला येते, तेव्हा तिचे आईवडील सर्वांत मोठा विश्वास प्रशिक्षकावर टाकत असतात. तिथे स्वच्छ स्वच्छतागृह आहे का, पाळीच्या दिवसांत सराव कसा असावा हे ती मोकळेपणी कुणाशी बोलू शकते, प्रवासात सोबत महिला आहे का, हे प्रश्न ट्रॅपिंगइतकेच प्रशिक्षणाचे आहेत. खेळाडूला बंद खोलीत एकटीला बोलावू नये, रात्री वैयक्तिक निरोप पाठवू नयेत. जे सांगायचं ते पालकांचा समावेश असलेल्या गटावर सांगावं. हे नियम प्रत्येक जिल्ह्याने लेखी करावेत.

मग प्रशिक्षक वाढतो कसा? मुंबईचे मर्झबान पटेल, सगळ्यांचे ‘बावा’, स्वतः भारताकडून खेळले नाहीत. पण विरेन रस्किन्हा, एड्रियन डिसूझा, युवराज आणि देविंदर वाल्मीकी हे बंधू त्यांच्या हाताखालून गेले, आणि २०१९ मध्ये त्यांना जीवनगौरव गटात द्रोणाचार्य पुरस्कार मिळाला. अशा माणसाच्या सरावाला एखादा नवा प्रशिक्षक महिनाभर नुसता बसला, तर कोणत्या मुलाशी ते काय बोलतात, कुणाला मुद्दाम बोलत नाहीत, सराव कुठे थांबवतात, हे त्याला दिसेल. कुठल्याही लेव्हलच्या पुस्तकात ते येत नाही. ध्यानचंदांनाही हॉकीचे पहिले धडे पलटणीतल्या सुभेदार-मेजर तिवारींनी मैदानावरच दिले, आणि निवृत्तीनंतर ध्यानचंद स्वतः पतियाळ्याला शिकवायला गेले. हातातून हातात असंच ते जातं.

म्हणून या परिषदेत मी मागणी करते, की प्रत्येक जिल्ह्यात नव्या प्रशिक्षकाला एक जाणता प्रशिक्षक जोडून द्यावा. त्याने महिन्यातून एकदा सराव बघायला यावं, संपल्यावर अर्धा तास बसून बोलावं, आणि त्याला प्रवासखर्च मिळावा. अपुऱ्या मानधनावर काम करणाऱ्या माणसाकडून फुकट सेवेची अपेक्षा करणं बरं नव्हे. चौदा वर्षांखालच्या जिल्हा स्पर्धा सात-सातच्या असाव्यात, आणि संघातल्या प्रत्येक मुलाला निम्मा सामना तरी खेळायला मिळालाच पाहिजे, असा नियम असावा. दहावीच्या क्रीडागुणांसाठी चौकशी करणाऱ्या पालकांनाही हे समजावून सांगावं लागेल. ते आपणच करायचं आहे. आणि ज्याला वाट बघायची नाही, त्याने उद्याच्या सरावाला मोबाइलचं रेकॉर्डिंग सुरू करून खिशात ठेवावं. रात्री ऐकावं. आपण किती वेळा ओरडलो, किती प्रश्न विचारले, कोणत्या मुलाचं नाव दोन तासांत एकदाही घेतलं नाही, ते कळेल.

जेवणानंतर अडीच वाजता सगळ्यांनी मैदानावर यायचं आहे. इथल्या शाळांची मुलं-मुली येणार आहेत. चार प्रशिक्षक प्रत्येकी वीस मिनिटं सराव घेतील आणि बाकीचे वही घेऊन बघतील: मुलांवर नाही, प्रशिक्षकावर लक्ष ठेवा. पहिली वीस मिनिटं मी घेते आहे. माझ्या नजरेतून कोणतं मूल निसटलं, कुठे मी गरज नसताना खेळ थांबवला, ते लिहून ठेवा. साडेपाचच्या चर्चेत सगळ्यांसमोर ऐकायला मी बसलेली असेन.